ब्रोमाइडवरच्या कुत्र्याचं मीठ सांभाळा

आमचा बंड्या मागच्या पायांनी लटपटायला लागला तेव्हा मी आधी फरशीला दोष दिला. मग वयाला. नऊ वर्षांचा झालाय, चालायचंच. पण एक दिवस ताटलीपाशी उभा राहिला आणि पार्श्वभाग हळूच एका बाजूला कलून खाली बसला, तरी खाणं चालूच. हाक मारली तर डोळे उघडायलाही वेळ लागत होता. बाहुल्या मोठ्या झालेल्या, पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा रिकामं.

बंड्याला फेफरं आहे. फेनोबार्बिटोन एकट्याने भागेना म्हणून जोडीला पोटॅशियम ब्रोमाइड सुरू झालं. वजन २४ किलो, रोज ३ मिली, एका मिलीत २५० मिलिग्रॅम. दीड वर्ष हाच डोस होता, त्यात थेंबाचाही फरक नाही. मग ब्रोमाइड अंगात विषासारखं साठलं कसं?

मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होतो. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरा अवक्षेप, ब्रोमाइडमध्ये टाकलं की फिकट पिवळा, हे जन्मभर मुलांना दाखवलं. मिठातलं क्लोराइड आणि हे ब्रोमाइड, दोघं एका घरातली भावंडं. मूत्रपिंडालाही ती सारखीच दिसतात. अंगात मीठ भरपूर आलं की मूत्रपिंड क्लोराइडबरोबर ब्रोमाइडही लघवीतून बाहेर घालवतं. मीठ कमी पडलं की क्लोराइड धरून ठेवतं आणि ब्रोमाइडही धरून बसतं. यकृताचा इथे काहीच संबंध नाही, जे जायचं ते लघवीवाटेच.

आमच्याकडे झालं ते असं. मला रक्तदाब निघाला. सुनेने घरातलं मीठ कमी केलं, खारे बांगडे बंद केले. बंड्याच्या भातात रोज एक डोकं पडायचं, तेही गेलं. (कुत्र्याला खारं देऊ नये हे मला ठाऊक आहे, कोकणात राहून ते जमवून दाखवा.) दोन महिन्यांत हा असा.

तेव्हा पहिलं काम: रोजचं खाणं ठरवा आणि तेच ठेवा. पाकिटातलं असेल तर एकच प्रकार. घरचं असेल तर मिठाचं माप एकच. बदलणं भागच असेल, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आहार सुरू करायचा असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा आणि नंतर ब्रोमाइडची पातळी तपासून घ्या.

कुत्र्याच्या अंगातलं ब्रोमाइड निम्मं व्हायला साधारण २४ दिवस लागतात. म्हणून नवा डोस स्थिरावायला तीन-चार महिने जातात, आणि स्थिरावल्यावर अंगात जवळपास महिन्याभराचं औषध साठलेलं असतं. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका, पण दुसऱ्या दिवशी मनाने दुप्पट देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. औषध खाण्याबरोबर द्या, रिकाम्या पोटी दिलं की उलटी होते.

सुरुवातीला किंवा डोस वाढल्यावर काही आठवडे थोडी झोप, भूक, तहान, लघवी वाढते. ते अपेक्षितच आहे. काळजी करायची ती कित्येक महिने नीट चाललेला कुत्रा नव्याने झोकांड्या खायला लागला तर. मी वहीत दर रविवारी दोन गोष्टी लिहितो: अंगणाच्या तीन पायऱ्या बंड्या न अडखळता चढला का, आणि जागेवर गोल वळताना मागचे पाय एकमेकांत अडकले का. म्हातारपण असं दोन महिन्यांत येत नाही.

रक्ताच्या तपासणीत गंमत झाली. मूत्रपिंड ठीक, पण क्लोराइड भलतंच चढलेलं. यंत्रही फसतं, ब्रोमाइडला क्लोराइड समजून मोजतं. डॉक्टर हसून म्हणाले, हाच तुमचा पुरावा. मग खास ब्रोमाइडची तपासणी केली: लिटरला २६०० मिलिग्रॅम. फेनोबार्बिटोनबरोबर देताना १००० ते २००० पुरतं, एकटंच देताना २००० ते ३०००. ही तपासणी सगळीकडे होत नाही, नमुना बाहेरगावी जातो, म्हणून लक्षणं दिसताच चौकशी सुरू करा. एरवी औषध सुरू केल्यावर महिन्याने, मग तीन महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा.

आता मी करणारच होतो तो मूर्खपणा. मीठ कमी म्हणून झालं ना, मग चमचाभर मीठ पाजू! अजिबात नको. मिठाने वेगळीच विषबाधा होते, आणि ब्रोमाइड झपाट्याने उतरलं की आकड्या उसळतात. औषध एकदम बंद करायचं नाही, तेही याच कारणाने. डॉक्टरांनी बंड्याला एक दिवस-रात्र नजरेखाली सलाइन लावलं, डोस पाव हिश्श्याने कमी केला, फेनोबार्बिटोन तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो पायऱ्या चढला, मीही दोन रात्री झोपलो नव्हतो.

कुत्रा उभाच राहत नसेल, हलवूनही जागा होत नसेल, किंवा उलट्या होऊन पोटाला हात लावू देत नसेल तर तपासणीची वाट पाहू नका, दवाखाना गाठा. पोटदुखी-उलट्या म्हणजे स्वादुपिंडाची सूज असू शकते. जुलाबासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तरी ब्रोमाइड चालू आहे हे आधी सांगा. सलाइनने किंवा लघवीच्या गोळीने पातळी उतरते. आणि घरात मांजर असेल तर ही बाटली तिच्यासाठी नाही, मांजरांच्या फुप्फुसांना ब्रोमाइड बाधतं.

समुद्राचं पाणी मिठाचंच. लाटेत खेळताना कुत्रा ते पितो, पातळी घसरते आणि फेफरं येऊ शकतं. आम्ही मांडवीच्या किनाऱ्यावर जातो तेव्हा गोड्या पाण्याची बाटली नि जुनी ताटली बरोबर असते, आणि बंड्या दोरीलाच.