बोटीचं कॅनव्हास कव्हर घरच्या मशीनवर शिवताय? या चुका टाळा

मे महिना सरत आला की वेसावे, मढ, वरळीच्या किनाऱ्यावर बोटी शाकारायची गडबड उडते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि मुंबईचा पाऊस मोसमात २००० मिलिमीटरच्या वर. मग इंजिनावरचं, केबिनवरचं कॅनव्हासचं कव्हर उलगडलं जातं, ते उसवलेलं निघतं आणि ज्या मशीनवर ब्लाउज-परकर शिवतात त्याच मशीनवर चढतं. चढू द्या, हरकत नाही. जुनी काळी उषा किंवा सिंगर मध्यम जाडीच्या कॅनव्हासचे चार थर निमूट शिवते. काम बिघडतं ते मशीन लहान म्हणून नव्हे. दोरा चुकतो, तयारी चुकते, नाहीतर शिवण्याच्या पलीकडे गेलेलं कापड शिवायला घेतलं जातं.

कापड न तपासता ठिगळ लावणं

कव्हरचा सगळ्यात जास्त ऊन खाल्लेला भाग, म्हणजे वरचा मधला पट्टा, दोन्ही हातांत धरून जोरात ओढा. चर्रकन फाटला तर थांबा. विरलेल्या कापडावर नवंकोरं ठिगळ लावलं की पहिल्याच वाऱ्यात ते ठिगळाच्या कडेने फाटतं, आणि आता भोक आधीपेक्षा मोठं असतं. कापड टिकलं, पण शिवणीतला दोरा नखाने तुटतोय, तर खूश व्हा. बहुतेक कव्हरांचं हेच होतं, दोरा आधी जातो, कापड नंतर. अशा कव्हरला फक्त नवी टीप हवी.

ती टीप जुन्या भोकांवरून मारू नका. सुई नेमकी जुन्या भोकात पडत नाही, दोन भोकांच्या मधे पडते, आणि कापड पोस्टाच्या तिकिटासारखं ओळीने सुटतं. तीन-चार मिलिमीटर बाजूने मारा. टाकाही लांब ठेवा, चार मिलिमीटर किंवा मशीन देईल तितका. ब्लाउजचा बारीक टाका इथे शत्रू आहे, कारण सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याची वाट.

निळी प्लास्टिकची ताडपत्री मशीनखाली घालूच नका. टाक्याच्या ओळीवर ती फाटतेच. तिला दोन्ही बाजूंनी ताडपत्रीची टेप लावा, नाहीतर नवी आणा.

घरातलं रीळ आणि जाळ्याचा दोरा

सुती रीळ खाऱ्या हवेत आणि उन्हात कुजतं, एक मोसम कसाबसा काढतं. त्याचा कंटाळा आला की कोळीवाड्यात हात आपोआप जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याकडे जातो. हाताने दाभणाने शिवायला तो उत्तम, मशीनमध्ये मात्र वैताग. तो ताणतो, टाका पडल्यावर आखडतो आणि शिवणीला चुण्या पडतात. शिवाय उन्हात नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा लवकर कमजोर होतं. पॉलिएस्टरचा जाड दोराच घ्या, ‘बाँडेड पॉलिएस्टर’ म्हणून मागा. दुकान सापडत नसेल तर रिक्षाचे हूड आणि सीट शिवणाऱ्याला विचारा, तो रोज हाच माल वापरतो. (रिक्षा उपनगरातच, त्यामुळे कुलाब्याच्या लोकांना थोडं लांब जावं लागेल.) त्याच्याकडून सुई मात्र आणू नका. त्याच्या कारखानी मशीनच्या सुईचा दांडा गोल असतो, घरच्या सुईची एक बाजू सपाट.

सुई १६ किंवा १८ नंबरची घ्या. योग्य आहे का हे मशीन न चालवता कळतं. दोरा ओवा, तिरका ताणून धरा आणि सुई वरच्या टोकाला सोडा. ती आपसूक घसरत खाली आली तर जोडी जमली. अडकली तर दोरा जाड आहे. तोच दोरा पुढे टाके सोडेल आणि तुम्ही मशीन मेकॅनिककडे न्याल.

खाली जाळं, वर काही नाही

कापडाच्या उलट्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनला शिव्या देतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो, तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नसतो. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचला, दोरा काढून पुन्हा ओवा. तरी गाठी खाली दिसल्या तर वरचं टेन्शन वाढवा. गाठी वर दिसल्या तर कमी करा. गाठ थरांच्या मधे लपली पाहिजे. आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर, तितकेच थर करून बघा.

शिवण जिथे दुमडीला छेदते तिथे आठ-आठ थर येतात. फूट पुढून उचललं जातं, तिरकं होतं, आणि टाके सुटायला लागतात. बरेच जण इथेच कापड मागून ओढतात. सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि तुटते. त्याऐवजी तो उंचवटा आधी लाकडी हातोडीने ठोकून चपटा करा, आतले थर पायऱ्यांसारखे कापा, आणि फुटाच्या मागे तितक्याच जाडीची कापडाची घडी सरकवा म्हणजे फूट सपाट राहील. तेवढे टाके मोटर न लावता हाताने चाक फिरवून घाला. घरगुती मोटरला हळू वेगात जोर नसतो, ती नुसती गुरगुरते आणि तापते.

टाचण्या विसरा, प्रत्येक टाचणी एक फुकटचं भोक पाडते. कागदाचे क्लिप किंवा कपडे वाळत घालायचे चिमटे लावा.

मीठ आणि पाणी

कव्हर गोड्या पाण्याने धुऊन, खडखडीत वाळवून मगच मशीनवर घ्या. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि शटलमध्ये, म्हणजे बॉबिन बसते त्या भागात, गंज चढवतं. काम झाल्यावर शटल ब्रशने झाडा, तेलाचा थेंब द्या आणि चिंधीवर थोडं चालवून घ्या.

जोड देताना वरच्या तुकड्याची कड खालच्यावर आली पाहिजे, उलटी नाही. ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचकटतो. सुती दोरा भिजला की फुगून आपलं भोक बुजवतो, पॉलिएस्टर तसं करत नाही. म्हणून सुती कॅनव्हासवर शिवणीला बाहेरून मेण घासा. पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, लेप असलेल्या कापडावर इस्त्री चुकूनही नको. आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाची कडी, पितळी आणि चेन प्लास्टिकची घ्या.

कव्हर बांधताना मधे पाणी साचू देऊ नका. एक मीटर लांब-रुंद डबकं पाच सेंटिमीटर खोल झालं की ५० किलो वजन तुमच्या नव्या टीपेवर लटकतं. खालून बांबू उभा करा आणि त्याच्या टोकाला जुन्या टायरची ट्यूब गुंडाळा, नाहीतर तोच ठिगळाला भोक पाडेल. कडेला हवा खेळायला थोडी फटही ठेवा. घट्ट झाकलेल्या इंजिनावर आतूनच घाम सुटतो आणि कापडाला बुरशी धरते.