कमी बजेटमध्ये गोल्फ क्लब घेताय? या चुका टाळा

गोल्फ शिकायला लागलं की थोड्याच दिवसात डोक्यात एकच विषय फिरतो, आपला स्वतःचा सेट कधी घ्यायचा. आणि बजेट टाइट असलं की नेमकी घाई जास्त होते, कुठेतरी जुना फुल सेट बॅगसकट स्वस्तात दिसतो, फोटो चकाचक असतात, लगेच पैसे देऊन मोकळे. पुढे बॉल सरळ जात नाही, हात दुखतात, आणि वाटायला लागतं की हा खेळ आपल्याला जमणारच नाही. बऱ्याचदा खेळणाऱ्याचं काही चुकत नसतं, क्लबच मापाचा नसतो. कमी पैशात चांगले क्लब नक्की मिळतात, पण पैसे मापाला आणि कंडिशनला द्यायचे, नव्या मॉडेलला नाही.

१४ क्लब पाहिजेतच असं नाही

नियमाप्रमाणे एका राउंडला, म्हणजे एका पूर्ण खेळाला, जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात, अमेरिकेत हा नियम १९३८ पासून आहे. पण ती वरची मर्यादा आहे, कमी नेले तर कुणी अडवत नाही. चिक इव्हान्स या अमेरिकन गोल्फरने १९१६ ची यूएस ओपन स्पर्धा फक्त ७ क्लब घेऊन जिंकली होती, ते पण लाकडी शाफ्टचे (शाफ्ट म्हणजे क्लबचा दांडा). नवीन माणसाला एक जास्त लॉफ्टचा वुड (लॉफ्ट म्हणजे फेस, बॉलला लागणारी बाजू, मागे किती कललेली आहे तो कोन; वुड म्हणजे लांब मारायचा मोठ्या हेडचा क्लब), एक हायब्रिड (वुड आणि आयर्नच्या मधला), ६ आणि ८ नंबरचे आयर्न (पातळ धातूच्या हेडचे क्लब), जवळून बॉल उंच उचलायला पिचिंग वेज आणि सँड वेज, आणि होलजवळ बॉल घरंगळवायला पटर, एवढ्यावर भरपूर खेळता येतं. फुल सेटमध्ये ३ आणि ४ नंबरचे आयर्न येतात ते तर बहुतेकांच्या बॅगेत नुसते पडून असतात, कारण लॉफ्ट कमी असल्याने बॉल वर उचलायला चांगला स्पीड लागतो, त्यांच्या जागी एक हायब्रिड खूप सोपा पडतो.

आणि पटरवर कंजूषी करू नका. पार ७२ असलेल्या कोर्सवर, म्हणजे जिथे १८ होल ७२ शॉटमध्ये पूर्ण होणं अपेक्षित असतं तिथे, प्रत्येक होलला पटरचे २ शॉट धरलेले असतात, म्हणजे ३६ शॉट, अर्धा खेळ झाला की हा! महाग पटर घ्या असं म्हणत नाहीये मी, पण सेटमध्ये फुकट आला म्हणून कुठलाही वापरायचा हे चुकीचं आहे. उभं राहून बघा, डोळे साधारण बॉलच्या वर येतात का, हात मोकळे लटकतात का. लांबी सहसा ३३ ते ३५ इंच असते आणि तो एक-दोन इंचांचा फरक उभं राहिल्यावर लगेच कळतो.

लेटेस्ट ड्रायव्हरच्या मागे लागणं

ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारायचा वुड, आणि सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात असं माझं स्पष्ट मत आहे. ड्रायव्हरच्या हेडचा साइज जास्तीत जास्त ४६० सीसी असं बंधन २००४ पासून आहे, आणि फेसला स्प्रिंगसारखा इफेक्ट किती असावा यालाही लिमिट आहे. कंपन्या या दोन्ही मर्यादांना कधीच्याच पोचल्यात. त्यामुळे सात-आठ वर्षं जुना चांगल्या कंपनीचा ड्रायव्हर आणि यंदाचा ड्रायव्हर यात नीट मधोमध लागलेल्या शॉटला फार फरक पडत नाही. बॉल कडेला लागला तर नवीन थोडा सांभाळून घेतो हे खरंय, पण त्यासाठी कितीतरी पट पैसे नवशिक्याने देण्यात अर्थ नाही. लॉफ्ट मात्र बघा, ९ डिग्रीचा दिसायला भारी वाटतो पण सुरुवातीला १०.५ किंवा १२ चा बरा. ॲडजस्टेबल असेल तर त्याचा पाना सोबत मागून घ्या.

नंबर बघून आयर्न गोळा करणं

एक आयर्न इकडून, एक तिकडून असं करून सेट जमवायला हरकत नाही, पण आयर्नवरचा नंबर म्हणजे काही ठरलेलं माप नाही. जुन्या काळच्या ७ नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट साधारण ३४-३५ डिग्री असायचा, हल्लीच्या बऱ्याच सेटमध्ये तो ३० च्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. मग जुना ६ आणि नवा ७ दोन्ही बॉल तेवढ्याच अंतरावर मारतात आणि दुसरीकडे मोठी गॅप पडते. तेच वेजचं. पिचिंग वेज ४४ डिग्रीचा आणि सँड वेज ५६ चा असेल तर मधलं अंतर मारायला काहीच राहत नाही, तिथे ५० चा एक जुना वेज घेतला की काम होतं. मॉडेलचं नाव टाकून लॉफ्ट सर्च करा, मगच हो म्हणा.

हातात घेऊन न तपासणं

जुना आयर्न हातात आला की आधी उलटा करा आणि सोल बघा, म्हणजे जमिनीला टेकणारी बाजू. घासल्याच्या खुणा मधोमध असतील तर छान. खुणा हीलकडे म्हणजे शाफ्टच्या बाजूला जास्त असतील तर आधीच्या मालकासाठी तो क्लब जास्त अपराइट होता, म्हणजे शाफ्ट जास्त उभा, टोकाकडे जास्त असतील तर फ्लॅट, म्हणजे जास्त आडवा. तुमच्याकडेही तेच होईल असं नाही, पण तुमची उंची आणि उभं राहण्याची पद्धत त्याच्यासारखी असेल तर सावध व्हा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल अपराइट क्लबने डावीकडे जातो, फ्लॅटने उजवीकडे, आणि माणूस बिचारा स्विंग सुधारत बसतो. पिंग कंपनीच्या आयर्नवर रंगीत ठिपका असतो तो डिझाइन नाही, लाय अँगलचा म्हणजे शाफ्ट आणि जमीन यांच्यातल्या कोनाचा कोड आहे, काळा म्हणजे स्टँडर्ड, निळा-हिरवा अपराइटकडे, लाल-केशरी फ्लॅटकडे. स्वस्तात मिळतोय म्हणून कुठल्याही रंगाचा उचलू नका.

मग क्लबफेस. ग्रूव्हवरून, म्हणजे फेसवरच्या बारीक खाचांवरून, नख फिरवा, कडा लागल्या पाहिजेत, वेजमध्ये मधोमध गुळगुळीत झालं असेल तर सोडून द्या. स्टीलच्या शाफ्टवर पुसट डाग चालतात पण खोल गंज, पोचा किंवा वाक असेल तर नको. ग्रॅफाइट शाफ्टवर, खास करून हेडजवळ, बोट फिरवून बघा, कुसळ लागलं किंवा चीर दिसली तर तो कधीही तुटू शकतो. शेवटी एका हाताने ग्रिप आणि दुसऱ्या हाताने हेड धरून हलकंसं पिळून बघा, जरा जरी फिरलं तरी चिकटवलेला जोड सुटलाय. ड्रायव्हर कानाजवळ हलवा, आत खडखडतंय म्हणजे बहुतेक सुकलेल्या गोंदाचा तुकडा, दुरुस्त होतो, पण किंमत कमी करून घ्या.

फ्लेक्सचं, म्हणजे शाफ्ट किती लवतो त्याचं, थोडक्यात सांगतो. शाफ्टवरचं आर (रेग्युलर) किंवा एस (स्टिफ, म्हणजे कडक) हे प्रत्येक कंपनीचं आपापलं असतं, सगळ्यांचं एकच माप नाही. एस घेतला म्हणजे जास्त लांब जाईल असं अजिबात नाही, स्विंग सावकाश असेल तर रेग्युलर किंवा सीनियर फ्लेक्स घ्या.

नकली माल

यंदाचंच मॉडेल, पूर्ण सेट, प्लास्टिकसकट पॅक आणि किंमत अर्ध्याहून कमी, असं दिसलं की थांबा. होझलवरचा, म्हणजे शाफ्ट हेडमध्ये बसतो त्या नळीवरचा, सीरियल नंबर कंपनीकडे विचारता येतो. टायटॅनियमचा म्हणून विकत असलेल्या ड्रायव्हरच्या फेसवर चुंबक लावा, चिकटला तर तो टायटॅनियम नाही.

ग्रिपचा खर्च विसरणं

सेट स्वस्त मिळाला पण सगळ्या ग्रिप कडक आणि चकचकीत झाल्यात, म्हणजे नव्या ग्रिप गुणिले क्लबची संख्या एवढे पैसे अजून जाणार, हा हिशोब आधीच करा आणि भाव करताना बोला. कधी कधी ग्रिपवर नुसता घामाचा थर असतो, कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना ब्रश घेऊन घासा, पुसून वाळू द्या. तरी हात सरकत असेल तरच बदला.

आधीच चुकीचा सेट घेऊन बसलात तर

लगेच विकू नका, तोटा होतो. क्लब लांब वाटत असेल तर कापता येतो, पण अर्धा इंच कापला की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप, साधारण ३ पॉइंट कमी होतं, हेड हलकं वाटायला लागतं, आणि शाफ्ट थोडा कडक होतो, म्हणून एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. लाय चुकला असेल तर फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेले आयर्न दुरुस्तीवाला सहज वाकवून देतो, कास्ट म्हणजे साच्यात ओतलेले मात्र कडक असतात, फार वाकवले तर तुटायची भीती असते, आधी विचारून घ्या. आणि सगळा सेट एकदम देऊ नका. फक्त ७ नंबरचा आयर्न द्या, तो करून आणा, सरावाच्या रेंजवर दोन-तीन आठवडे मारून बघा, बॉल सरळ जायला लागला तर मग बाकीचे न्या.