नाशिकच्या वायनऱ्या, मित्रांसोबत: आधी कॅलेंडर, मग ड्रायव्हर, मग वाईन

लाँग वीकेंड आला की मुंबई-पुण्याचे ग्रुप नाशिककडे निघतात. त्यातले काही थेट वायनरीच्या दारात पोचल्यावर पाटी वाचतात: आज ड्राय डे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ज्या सुट्ट्यांना जोडून आपण रजा टाकतो, त्याच दिवशी महाराष्ट्रात ड्राय डे असतो. शिवाय ३० जानेवारी, आषाढी आणि कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी आहेतच. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही धरा. त्या दिवशी वायनरी फिरवून दाखवतील कदाचित, पण ग्लासात काही पडणार नाही. २०२६ मध्ये २ ऑक्टोबर शुक्रवारी आहे, म्हणजे तीन दिवसांच्या सहलीचा पहिलाच दिवस कोरडा. अशा वेळी शुक्रवार प्रवासाला आणि मिसळीला ठेवा, चाखणी शनिवारी.

त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे फेब्रुवारीतला एखादा साधा शुक्रवार किंवा सोमवार रजा टाकून आपला लाँग वीकेंड आपणच करायचा. वाईनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च चालते. तेव्हा वायनरीत ट्रॅक्टर येत असतात, क्रशर चालू असतो, टाक्यांजवळ आंबलेल्या फळाचा वास असतो. बाकीच्या वर्षात याच जागा गोदामासारख्या शांत असतात. एप्रिलमध्ये वेलींची खरड छाटणी होते आणि पावसाळा सरताना फळासाठीची, म्हणजे गोड्या बहराची. त्यामुळे ऑगस्टमध्ये द्राक्षं बघायला गेलात तर पानं बघून याल. गंगापूर धरणाचा परिसर तेव्हा सुंदर असतो, हे मात्र खरं. महाशिवरात्रीचा आठवडा टाळा, त्र्यंबकेश्वरची गर्दी सगळा रस्ता अडवते. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची पर्वस्नानं आहेत, तेव्हा तर हा बेत काढूच नका.

गाडी कोण चालवणार

वायनरी ठरवण्याआधी हे ठरवा. एका चाखणीत साधारण ३० मिलीचे पाच-सहा घोट-ग्लास मिळतात, म्हणजे १५० ते १८० मिली, म्हणजेच हॉटेलात मिळतो तसा वाईनचा एक पूर्ण ग्लास. वाईनमध्ये १३ टक्के अल्कोहोल धरलं तर १५० मिलीत सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. सत्तर किलोचा माणूस एकाच चाखणीत त्या रेषेच्या आसपास जातो आणि पन्नास-पंचावन्न किलोची मैत्रीण तर रेषा ओलांडते. दिवसात दोन वायनऱ्या केल्या तर प्रश्नच मिटला. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. “मी फक्त चव घेतली” हे ब्रेथ ॲनलायझरला कळत नाही.

म्हणून दोनच पर्याय. ग्रुपमध्ये खरोखर न पिणारा कुणी असेल आणि त्याची मनापासून तयारी असेल तर तो. नाहीतर नाशिकमधली गाडी ड्रायव्हरसकट ‘८ तास ८० किमी’च्या पॅकेजवर घ्या. गंगापूर धरणाच्या बाजूला फिरायचं असेल तर तेवढे किलोमीटर पुरतात. इगतपुरी किंवा दिंडोरी जोडलं की जादा किलोमीटरचा दर आधी विचारून घ्या. सहा जणांना सात सीटर गाडी चालते, पण तीन दिवसांच्या बॅगा आणि परतीच्या बाटल्या धरल्या तर मागची सीट उघडल्यावर डिकी उरत नाही. सहापेक्षा जास्त असाल तर टेम्पो ट्रॅव्हलर, कारण सातवी सीट ड्रायव्हरची. ॲपवरून बोलावलेली गाडी शहरातून वायनरीपर्यंत नेईल; रात्री साडेनवाला तिथून परत येण्यासाठी ती मिळेल या भरवशावर मात्र राहू नका. ड्रायव्हरच्या जेवणाचे पैसे ग्रुपच्या खर्चात आधीच धरा, त्याला चार तास गाडीत बसवून ठेवू नका.

मुंबईहून समृद्धी महामार्गाने आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ पासून खुला आहे, त्यामुळे कसारा घाट टळतो. टोल आहे, आणि दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे ग्रुपमधले बुलेटवाले जुन्याच रस्त्याने येणार हे वेळापत्रकात धरा. ट्रेनने यायचं तर संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेस सोयीची. स्टेशनचं नाव नाशिक रोड, ते शहराच्या मध्यापासून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे. मुक्काम गंगापूर रोडच्या बाजूला घेतलात तर शनिवारचं फिरणं अर्धं होतं.

कुठल्या वायनऱ्या, आणि किती

दिवसाला दोन. तिसऱ्या ठिकाणी जीभ थकलेली असते आणि सगळ्या रेड एकसारख्या लागतात. पैसे मात्र पूर्ण जातात.

नकाशावर तीन पुंजके दिसतात. गंगापूर धरणाजवळ सुला, यॉर्क आणि सोमा एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत. इगतपुरीच्या बाजूला घोटीच्या आतल्या भागात व्हॅलोने आणि संजेगावला ग्रोव्हर झांपा. तिसरा पुंजका दिंडोरी आणि निफाडकडे पसरलेला. तो मोठ्या अंतरांचा आहे, पहिल्या सहलीत नको.

मुंबईकरांनी शुक्रवारी येतानाच इगतपुरीला उतरून तिथली एक वायनरी आणि दुपारचं जेवण उरकावं, नाहीतर रविवारी परतताना पुन्हा आत वळावं लागतं. पुणेकर संगमनेर-सिन्नरवरून येतात, त्यांच्यासाठी हा वळसा आहे. त्यांनी शुक्रवारी सरळ नाशिक गाठावं. छोट्या वायनऱ्यांत न सांगता गेलात तर दाखवायला माणूस नसतो, त्यामुळे दोन दिवस आधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: फेरी किती वाजता, चाखणीत कुठल्या आणि किती वाईन, आणि सहा-आठ जणांना एकत्र टेबल मिळेल का.

शनिवारी सुला सकाळच्या पहिल्या फेरीला करा. १९९९ साली सुरू झालेली ही वायनरी आता इतकी प्रसिद्ध आहे की दुपारी बारानंतर फेरीत मागच्यांना काही ऐकूच येत नाही. तिथेच जेवा, दोन तास मुक्कामावर जाऊन झोपा, आणि साडेचारला यॉर्कला जा. तिथून धरणाचं पाणी दिसतं. सूर्यास्ताची टेबलं लवकर भरतात, तेव्हा साडेपाचला पोचणाऱ्याला आतल्या बाजूला बसावं लागतं. यॉर्क २०२१ पासून सुलाच्याच मालकीची आहे. वेगळ्या हाताची वाईन चाखायची असेल तर दुसरी फेरी सोमाला ठेवा किंवा शुक्रवारी इगतपुरी नक्की करा.

जाताना रस्त्याकडेला दिसणाऱ्या बहुतेक बागा खायच्या द्राक्षांच्या असतात, थॉमसन सीडलेससारख्या. वाईनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं. दोन्हीकडे घड तोडू नका: माल कुणाच्या तरी वर्षाच्या कर्जाचा असतो आणि औषधाची फवारणी कधी झाली ते तुम्हाला माहीत नसतं.

चाखताना

पोट रिकामं नको आणि तोंड जड नको. सकाळी पोहे-उपमा चालेल, मिसळ नको. तर्रीनंतर तासभर जिभेला बारीक चव कळत नाही. पुदिन्याची टूथपेस्ट, पान, बडीशेप, कडक कॉफी यांचंही तेच. परफ्युम लावून येणारा मित्र स्वतःच्याच नव्हे, शेजारच्याच्या ग्लासातला वासही मारतो.

क्रम ठरलेला असतो: स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), मग कोरडी, म्हणजे गोड नसलेली व्हाईट, मग गुलाबी रोझे, मग हलकी रेड, मग जड रेड, शेवटी गोड. उलटं केलं तर गोड वाईननंतरची सोव्हिन्याँ ब्लांसारखी कोरडी व्हाईट लिंबाच्या पाण्यासारखी आंबट लागते. वाईनचे शब्द पाठ करायची गरज नाही, मराठी जीभ यासाठी तयार आहे. आंबट म्हणजे आम्ल, ते व्हाईटमध्ये शोधा. तोंडाला पाणी सुटलं म्हणजे चांगलं. तुरट म्हणजे टॅनिन, कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर हिरड्यांना जे होतं ते. हे रेडमध्ये सालीतून आणि बियांतून येतं. रेडचा रंगही सालीचाच, कारण बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पांढराच असतो. फेरीत टाकी दाखवतील तेव्हा तापमान विचारा: व्हाईट थंड ठेवून आंबवतात म्हणून फळाचा वास टिकतो, रेड त्यापेक्षा गरम, म्हणजे सालीतून रंग उतरतो.

बाजूला ठेवलेलं भांडं थुंकण्यासाठीच असतं. सहापैकी आवडलेल्या दोन प्या, बाकी त्यात ओता. देणाऱ्याला वाईट वाटत नाही. प्रत्येक ग्लासामागे निदान तेवढंच पाणी. बाटलीतून ओल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा वास आला तर बूच खराब आहे, बिनधास्त दुसरी मागा. महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे, तेव्हा ग्रुपमधल्या लहान दिसणाऱ्यांनी आधार कार्ड जवळ ठेवावं.

टेबलावर

हॉटेलात गोंधळ होतो तो रेडच्या तापमानावरून. ‘रेड रूम टेंपरेचरला प्यावी’ हे थंड देशातल्या खोलीबद्दल आहे. नाशिकच्या मार्चमधल्या दुपारी खोली ३२ अंशांवर असते आणि रेडला हवेत १६ ते १८. बाटली वीस-पंचवीस मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवायला सांगा. गरम रेडमधून आधी स्पिरिटचा भपका येतो. व्हाईट ८ ते १२ अंशांवर, स्पार्कलिंग त्याहून गार.

मसाल्याच्या जेवणाबरोबर शिराझसारखी जड रेड मागवणं ही नेहमीची चूक. तिखट टॅनिनला आणखी तुरट करतं आणि अल्कोहोल जिभेला जाळतं. ठेचा, पिठलं, तिखट रस्सा यांच्याबरोबर शेनिन ब्लांसारखी किंचित गोडसर व्हाईट किंवा रोझे घ्या. तळलेल्या माशाबरोबर सोव्हिन्याँ ब्लां, लिंबू पिळल्यासारखं काम करते. शिराझ सुक्या मटणासाठी ठेवा, त्यातली चरबी तुरटपणा गिळते. सहा जणांना दोन बाटल्या पुरतात, कारण एका बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास. तिसरी उघडायची ती दुसरी संपल्यावर.

रविवारी सकाळी वाईन नाही, मिसळ. साधना किंवा शहरातली तुमच्या आवडीची, पण नऊच्या आत. नंतर टेबलासाठी थांबावं लागतं. तर्री वेगळी मागा. कोंडाजीचा चिवडा घ्या आणि बाराच्या आत नाशिक सोडा. संध्याकाळी भिवंडीजवळ अडकलात की तीन दिवसांची सगळी मजा त्या दोन तासांत उतरते.

हिशेबाचं बोलणं पहिल्याच दिवशी. न पिणाऱ्याला वाईनचा वाटा लावला की मैत्रीत खवखव राहते, आणि वेगळं काढणं सोपंही आहे: जेवणावर जीएसटी लागतो, वाईनवर राज्याचा व्हॅट, त्यामुळे बिलात दोन्ही रकमा वेगळ्याच असतात. राहणं, गाडी, ड्रायव्हर समान, वाईन पिणाऱ्यांत. सर्व्हिस चार्ज देणं ऐच्छिक आहे, नको असेल तर काढायला सांगता येतो.

बाटल्या घरी नेताना

खरेदी शेवटच्या दिवशी करा. शनिवारी घेतलेली पेटी उन्हात उभ्या गाडीत राहिली तर आतलं तापमान पन्नासच्या पुढे जातं, वाईन फुगते, बूच वर सरकतं आणि चव शिजलेल्या मनुकांसारखी होते. भाजीवाल्याकडून थर्मोकोलचा डबा घ्या, बाटल्या कपड्यांत गुंडाळून आडव्या ठेवा आणि डिकीऐवजी एसी पोचेल अशा सीटखाली सरकवा. घरी आणल्यावर दोन-तीन दिवस शांत पडू द्या. उघडलेली व्हाईट फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते, स्पार्कलिंग दुसऱ्या दिवशीच मरगळते.

आणि ‘आलोच आहोत तर सापुतारा करू’ असं कुणी म्हणालं तर बाटल्या नाशिकमध्येच कुणाकडे तरी ठेवून जा. सापुतारा गुजरातमध्ये आहे, तिथे दारूबंदी आहे, आणि चेकनाक्यावर महाराष्ट्राचं पक्कं बिल दाखवून काही उपयोग होत नाही.