परदेशी विद्यापीठात कोरियन इतिहास शिकायचा असेल तर तयारी कशी करावी

कोरिया फाउंडेशन ही दक्षिण कोरियाची सरकारी संस्था १९९१ मध्ये स्थापन झाली. तिच्या निधीतून परदेशात कोरियन अभ्यासाची अनेक अध्यापकपदे उभी राहिली. तरी नुसते विद्यापीठाचे नाव पाहून अर्ज करू नका. तिथले प्राध्यापक कोणत्या कालखंडावर काम करतात, ते आधी तपासा.

कालखंडावर भाषा ठरते. कोरियन सर्वांनाच हवी. जोसोन राजवंशाच्या काळासाठी (१३९२–१९१०) हानमुन, म्हणजे अभिजात चिनी, लागते. हांगुल ही कोरियनची स्वतःची लिपी १४४६ मध्ये जाहीर झाली, पण दरबारी दप्तर पुढेही हानमुनमध्येच राहिले. १९१०–४५ या जपानी राजवटीच्या काळासाठी जपानी भाषा अटळ आहे. ती टाळली की वसाहतकाळाची सरकारी कागदपत्रे हाती लागत नाहीत.

सरावाला जोसोन राजवंशाची इतिवृत्ते घ्या. मूळ मजकूर आणि कोरियन भाषांतर दोन्ही ऑनलाइन मोफत मिळतात. आधी मूळ वाचा, अडलात तरच भाषांतर उघडा. शेवटच्या दोन राजांची इतिवृत्ते जपानी देखरेखीखाली तयार झाली, म्हणून ती जपूनच वापरावीत.

नवखे सर्वाधिक फसतात ते रोमन लिप्यंतरात, म्हणजे कोरियन शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिण्यात. पाश्चात्त्य ग्रंथालये बहुधा जुनी मॅक्यून-रायशॉवर पद्धत वापरतात, कोरियन सरकार २००० ची नवी. एकच नाव दोन स्पेलिंगांनी शोधा. शक्यतो हांगुलमध्येच टाइप करा.

तारखाही तपासा: १८९६ पूर्वीच्या नोंदी चांद्र पंचांगानुसार आहेत, त्यामुळे वर्षाअखेरची घटना आपल्या कॅलेंडरच्या पुढच्या वर्षात जाऊ शकते.