सक्युलंटची ‘नवी’ प्रजाती सापडली? आधी या चुका टाळा

सक्युलंटच्या, म्हणजे पाणी साठवणाऱ्या मांसल झाडांच्या, बऱ्याच ‘नव्या’ प्रजाती सावलीत जन्मतात. ऊन कमी पडलं की गच्च बसलेली पानं लांबुळकी, फिकट होतात, दोन पानांतलं अंतर वाढतं. तेच रोप भर उन्हात पाण्याविना राहिलं की आक्रसून लालसर दिसतं. नुसत्या पानांवर भिस्त ठेवू नका. फूल येईपर्यंत थांबा आणि त्या जागेवरच्या दहा-वीस रोपांची तरी मापं घ्या.

कुळातही गफलत होते. मराठीत फड्याही निवडुंग आणि त्रिधारीही निवडुंगच, पण फड्या खरा कॅक्टस आणि त्रिधारी युफोर्बिया, म्हणजे वेगळ्याच कुळातला. युफोर्बियाला चीक असतो म्हणून नुसत्या चिकावर जाऊ नका, मॅमिलॅरिया या कॅक्टसच्या काही प्रजातींनाही दुधाळ चीक असतो. काट्याच्या बुडाशी लवदार उशीसारखा ठिपका, म्हणजे अरिओल, दिसला तर तो कॅक्टस.

सगळ्यात जास्त माती होते ती रोपाचा नमुना कागदात दाबून सुकवताना. कागदात घातलेलं सेडम (जाड पानांचं एक सक्युलंट) मरता मरत नाही. कित्येक आठवड्यांनी घडी उघडावी तर पानं गळालेली आणि पांढुरके कोंब फुटलेले! म्हणून फुलं बाजूला काढून रोप काही क्षण उकळत्या पाण्यात बुडवा. जाड पानं उभी चिरा, गर कोरून काढा, मग साल दाबा. मापं आणि फोटो त्याआधीच घ्या, कारण सुकल्यावर आकार आणि रंग दोन्ही जातात. थोडी फुलं अल्कोहोलमध्ये ठेवा. कुंडीतलं जिवंत रोप मात्र टाइप नमुना, म्हणजे नव्या नावाचा कायमचा आधार ठरणारा नमुना, म्हणून चालत नाही, ते कितीही देखणं असो.

जुनी नावं तपासताना एकाच वंशात शोधून थांबू नका. 2013 मध्ये हॅवर्थिया या सक्युलंट वंशातल्या बऱ्याच प्रजाती हॅवर्थिऑप्सिस आणि टुलिस्टा या वंशांत गेल्या. तुमचं ‘नवं’ रोप तिथे आधीच नाव घेऊन बसलेलं असू शकतं.

नव्या प्रजातीच्या वर्णनाला लॅटिनच हवं, हा समज जुना झाला. 1 जानेवारी 2012 पासून इंग्रजीही चालतं. टाइप कोणत्या हर्बेरियममध्ये, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, ठेवला हे लिहायचं राहिलं, तर मात्र नाव वैध ठरत नाही.

आणि नेमकं ठिकाण छापू नका. दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटम या छोट्या सक्युलंटची रोपं चोरांनी पोत्यांनी उपटून नेली आहेत. अचूक अक्षांश-रेखांश हर्बेरियमपाशीच राहू द्या. लेखातून जागा वगळणारे लोकही फोटोतलं जीपीएस पुसायला हमखास विसरतात.