गावासाठी तंत्रज्ञान करू पाहणाऱ्या पोरांना मार्गदर्शन करताय? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी अतिवृष्टीनंतर आमच्याकडच्या एका पोराने नुकसानभरपाईचे अर्ज गोळा करायला मोबाइल अ‍ॅप केलं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. गावच्या सातबाऱ्यांची यादी त्याने आत भरली होती. यादीतल्या नावाशी नाव जुळलं की अर्ज पुढे जायचा. पहिल्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रांग लागली आणि रांगेतून एक आजी पुढे आली. जमीन नवऱ्याच्या नावावर, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, वारस नोंद झालेली नाही. पोराने तीनदा नाव टाकलं, तीनदा लाल अक्षरं आली. आजीने विचारलं, "माह्या नावानं काहीच नाई निंगत काय रे बाप्पा?"

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. ते अ‍ॅप मी आधी पाहिलं होतं आणि 'छान झालंय' एवढंच म्हटलं होतं. नवरा गेलेल्या बाईचं काय, हे विचारायचं काम माझं होतं.

यवतमाळ जिल्ह्यात शिकवताना अशी बरीच पोरं-पोरी जवळून पाहिली. हुशार आहेत, जिद्दी आहेत, सरकारी कारभार बदलायचा म्हणतात आणि मनापासून म्हणतात. चुकतो आपण मोठी माणसं. कुठे चुकतो आणि त्यावर काय करायचं, ते लिहिते.

'काय बनवशील?' हा पहिला प्रश्न विचारणं

हा प्रश्न विचारला की पोरगं घरी जाऊन लॅपटॉप उघडतं. त्याऐवजी त्याला पंधरा दिवस पटवाऱ्याच्या टेबलाशेजारी बसवा. (हुद्दा आता 'ग्राम महसूल अधिकारी' झाला, पण आमच्या तोंडी पटवारीच.) परवानगी तुम्ही स्वतः जाऊन मागा, पोराला एकट्याला पाठवू नका. हातात वही द्या. कोण आलं, कोणता कागद घेऊन आलं, कशासाठी परत गेलं, एवढंच लिहायचं.

एका पोरीच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा एकच ओळ आली होती: 'आधारवरचं नाव वेगळं, सातबाऱ्यावरचं वेगळं.' तिने अ‍ॅप केलंच नाही. नाव दुरुस्तीला कोणते कागद लागतात आणि ते कुठे द्यायचे, याचं एक पान मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर लावलं. मला ते त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं काम वाटलं.

प्रत्येक थांब्याला उशीर समजू देणं

इथे जरा थांबून बोलते, कारण हुशार पोरं सगळ्यात जास्त इथेच घसरतात.

वारस नोंदीचंच घ्या. अर्ज गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत चढतो, चौकशी होते, फेरफार नोंदला जातो, संबंधितांना नोटीस निघते, चावडीवर लागते. मग हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. पोराला यात दिसतात वाया गेलेले पंधरा दिवस. 'मॅडम, हे एका मिनिटात होऊ शकते,' असं मला एकाने सांगितलं. होऊ शकतं, खरं आहे. पण लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं नाव भावांनी अर्जात लिहिलंच नसेल, तर तिच्यापर्यंत बातमी पोचायला हेच पंधरा दिवस असतात. २००५च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. तो हक्क सांगायला तिला माहेरी यायला वेळ नको का?

सोळाव्या दिवशी हरकत नाही, वाद नाही, तरी कागद टेबलावर पडून आहे, तो मात्र उशीर. संगणकाच्या पडद्यावर दोन्हींपुढे एकच शब्द दिसतो, 'प्रलंबित'. त्यातला कोणता थांबा माणसाच्या हक्कासाठी ठेवलाय आणि कोणता कोणाच्या आळसामुळे किंवा लोभामुळे आहे, हे पडद्यावरून कळत नाही. ते तुम्हीच समजावून द्यायचं. पोरांसोबत कागदावर पूर्ण वाट काढा आणि प्रत्येक टप्प्याला विचारा, 'हा काढला तर कोणाचं नुकसान?' उत्तर सापडलं तर थांबा राहू द्या. नाही सापडलं तर पोराला मोकळं सोडा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, अपिलाची सोय आहे, आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुदत उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्जदाराला तसा निरोप गेला आणि अपिलाचा नमुना हातात पडला, तर गावाचं केवढं काम होईल!

लाल तारा कोणी टाकला, हे न विचारणं

फॉर्ममधला लाल तारा लावलेला अनिवार्य रकाना कायद्याइतकाच कडक असतो. कायद्याला निदान विधानसभेत चर्चा तरी लागते; लाल तारा एक पोरगं रात्री दोन वाजता एकट्याने टाकतं. सातबारा अनिवार्य केला की ठेक्याने, बटईने वाहणारा बाहेर. अंगठा अनिवार्य केला की वर्षानुवर्षं कापूस वेचून आणि निंदून बोटं झिजलेली बाई बाहेर. मराठीच अनिवार्य केली की मेळघाटातला कोरकू बोलणारा म्हातारा बाहेर.

प्रत्येक अनिवार्य रकान्याला दुसरी वाट हवी, हा नियम पोरांना पहिल्या दिवशी सांगा. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने शेतात उभं राहून फोटो घ्यायचा असतो, पण त्याच्याकडून राहिलेली पाहणी पुढे सहायकाच्या पातळीवर करायची सोय आहे. ही दुसरी वाट प्रत्यक्षात किती चालते, हे पोरांनी आपल्या शिवारात फिरून बघावं. शिकण्यासारखं पुष्कळ मिळेल. आमच्या पोराने नंतर 'वारस नोंद बाकी' असा पर्याय टाकला, मृत्यूचा दाखला जोडायची जागा केली, आणि ती यादी दर सोमवारी पटवाऱ्याकडे जायला लागली.

माहिती गोळा होताना गप्प बसणं

चांगल्या हेतूने केलेलं वाईट काम मी इथेच सगळ्यात जास्त पाहिलंय. गावभराचे आधार, बँक पासबुक, जातीचे दाखले, सगळ्यांचे फोटो एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ग्रुपमध्ये दोनशे माणसं. कोणाचं खातं रिकामं झालं तर जबाबदार कोण? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. पण कायद्याच्या आधी साधी रीत आहे: जेवढं कामाला लागतं तेवढंच मागायचं, का मागतो ते सांगायचं, काम झालं की पुसायचं. पुसताना तुम्ही शेजारी बसा. नंतर पुसतो म्हटलेलं सहसा राहून जातं.

पटवारी आणि सचिवाला शत्रू ठरवणं

एकेकाकडे दोन-तीन गावं असतात. लाच मागितली तर तक्रार करावीच, माहिती अधिकारात अर्जही टाकावा. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत आहे. पण पहिली भेट अर्जाने नको, चहाने व्हावी.

१५ ऑगस्टला सत्कार करून मोकळं होणं

झेंडावंदनानंतर शाल-श्रीफळ, टाळ्या, पेपरात फोटो. फेब्रुवारीत सर्व्हरचं भाडं संपतं, पोरगं पुण्याला नोकरीला गेलेलं असतं, पासवर्ड त्याच्याच डोक्यात असतो. त्यामुळे सत्काराच्या आधी ग्रामसभेत ठराव घ्या: हे चालवणार कोण, खर्च कोणत्या खात्यातून, चूक झाली तर तक्रार कोणाकडे, बंद करायचं तर कोण ठरवणार. पासवर्ड लिहून बंद पाकिटात, सहीशिक्क्यासह, ग्रामपंचायतीच्या कपाटात.

ग्रामसभा म्हणजे वेळ घालवणं असं पोरांना वाटत असेल तर त्यांना गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)ची गोष्ट सांगा. तिथे वर्षानुवर्षं अभ्यासगट चालले, निर्णय सर्वसहमतीने होत गेले. २००९ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूचा वाहतूक परवाना स्वतः द्यायचा अधिकार हातात यायला एप्रिल २०११ उजाडला. गाव तोवर टिकून राहिलं, कारण निर्णय एकट्यादुकट्याचा नव्हता.

पैशाचं बोलणं टाळणं

'समाजासाठी कर' म्हणणं सोपं आहे. त्या पोराच्या घरी शैक्षणिक कर्ज असतं, बहिणीचं लग्न असतं, सोयाबीनला भाव नसतो. वाटा आहेत: तरुणांना सामाजिक कामाची दिशा देणारा, गडचिरोलीतल्या 'सर्च' या संस्थेचा 'निर्माण' हा उपक्रम २००६ पासून चालतो, सरकारच्या आत राहून शिकायला मुख्यमंत्री फेलोशिप आहे. चार वर्षं नोकरी करून परत येणं हीसुद्धा वाट आहे, त्यात कमीपणा काही नाही. आई-वडिलांना बोलवा, सोबत बसा. महिन्याला घरी किती पाठवावे लागतील, तो आकडा पोराने तुमच्यासमोर कागदावर लिहू द्या. मग कोणती वाट धरायची ते बोला.