वरच्या पट्टीतलं उलट्या मोजणीचं घड्याळ: रुबी शिकणाऱ्यांसाठी

रुबी या प्रोग्रामिंग भाषेतले ॲरे, हॅश, ब्लॉक समजले, आता पुढे काय करू, असं विचारणाऱ्यांना मी बहुतेक वेळा एकच काम सुचवते. लिनक्सच्या वरच्या पट्टीत, नेहमीच्या घड्याळाशेजारी, उलटी मोजणी दाखवणारा छोटा इंडिकेटर बनवा. मेनूतून पंचवीस मिनिटं निवडली की पट्टीत २५:००, २४:५९ असे आकडे सरकायला लागले पाहिजेत, आणि वेळ संपली की सूचना आणि आवाज. शंभर-दीडशे ओळींत सगळं बसतं.

बहुतेक जण रुबीकडे रेल्स या वेबसाइट बनवण्याच्या साधनसंचामुळे येतात आणि रेल्स इतकं काही परस्पर सांभाळून घेतं की दोन मूलभूत गोष्टी कधी समोरच येत नाहीत. पहिली म्हणजे काही घडेपर्यंत स्वस्थ बसून राहणारा प्रोग्राम कसा लिहायचा. दुसरी म्हणजे 'आत्ता किती वाजले' हे संगणकातल्या नेमक्या कुठल्या घड्याळाला विचारायचं. टायमर बनवताना या दोन्हींना सामोरं जावंच लागतं, आणि केलेलं काम दिवसभर डोळ्यांसमोर चालू असतं, त्यामुळे काही चुकत असेल तर तेही लगेच दिसतं.

मी हे उबुंटू या लिनक्सवर करते, म्हणून तिथलंच सांगते. २०११ साली आलेल्या ११.०४ मध्ये युनिटी हा उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप झाला आणि पट्टीतले इंडिकेटर सगळ्यांच्या सवयीचे झाले. पुढे १७.१० पासून उबुंटू ग्नोम या आधीच्या डेस्कटॉपवर परतलं, पण इंडिकेटर दाखवणारं एक्स्टेंशन त्यांनी सोबत ठेवलं. निव्वळ ग्नोममध्ये ते नसतं. त्यामुळे फेडोरा किंवा डेबियन ही दुसरी लिनक्स वापरत असाल तर आधी ते एक्स्टेंशन टाका, नाहीतर प्रोग्राम बरोबर चालूनही पट्टीत काहीच दिसणार नाही. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर चिन्ह दिसतं, शेजारचा मजकूर मात्र दिसत नाही. टायमरचा सगळा उपयोग त्या मजकुरातच असल्यामुळे हे सुरुवातीलाच माहीत असलेलं बरं.

खिडक्या-मेनूंच्या मांडणीसाठी जीटीके ३ ही लायब्ररी घ्या. नवीन आवृत्ती म्हणून ४ घ्यायचा मोह होतो, पण इंडिकेटरला लागणारा मेनूचा जुना वर्ग ४ मध्ये काढून टाकलाय. नवशिक्यांनी 'जेम इन्स्टॉल'च्या (जेम म्हणजे रुबीचं स्वतःचं पॅकेज) वाटेला न जाता रुबी-जीटीके३ हे पॅकेज सरळ ॲप्टमधून, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज-भांडारातून घ्यावं. जेम घेतला की सी भाषेतला भाग तुमच्या मशीनवर कंपाइल होतो, त्याला हेडर फाइली लागतात आणि पहिला दिवस त्या शोधण्यातच जातो. फक्त ॲप्टचं पॅकेज ॲप्टच्या रुबीसाठी असतं, आरबीएन्व्हने (रुबीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) टाकलेल्या रुबीला ते दिसणार नाही, हे ध्यानात ठेवा. इंडिकेटरसाठी आयाताना ॲपइंडिकेटर ही लायब्ररी आणि तिची इंट्रोस्पेक्शनची फाइल (लायब्ररीतल्या वर्गांची आणि मेथडची माहिती) लागते. दोन्ही ॲप्टमध्ये आहेत. जुन्या लेखांमध्ये रुबी-लिबॲपइंडिकेटर नावाचा वेगळा जेम सांगितलेला असतो. आता त्याची गरज नाही. जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शनच्या लोडरला लायब्ररीचं नाव दिलं की तिचे वर्ग रुबीत वापरायला मिळतात. त्याआधी जीटीके ३ रिक्वायर केलेलं असू द्या, कारण मेनू तिथून येतो.

इंडिकेटरचे स्वतःचे काही नियम आहेत. त्याला मेनू जोडल्याशिवाय तो दिसत नाही, आणि मेनूतल्या ओळींना 'शो ऑल' म्हटल्याशिवाय त्या दिसत नाहीत. स्थिती 'ॲक्टिव्ह' करावी लागते. माउसच्या डाव्या बटणाने टिचकी मारली की फक्त मेनू उघडतो. त्या टिचकीवर थेट टायमर सुरू करायची सोय यात नाही, कारण तुमचा प्रोग्राम पट्टीवर स्वतः काही रंगवत नसतो. तो डी-बसवरून (प्रोग्रामांनी एकमेकांना निरोप द्यायची वाहिनी) 'माझं हे चिन्ह, हा मजकूर, हा मेनू' एवढं कळवतो आणि चित्र काढायचं काम डेस्कटॉप करतो. इंडिकेटरचा ऑब्जेक्ट मेथडमधल्या लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवून मेथडमधून बाहेर पडलात, तर गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी साफ करणारा रुबीचा भाग) तो उचलू शकतो आणि चालू टायमर पट्टीतून नाहीसा होतो. तो इन्स्टन्स व्हेरिएबलमध्येच ठेवा.

आता खऱ्या विषयाकडे येते. पहिल्यांदा टायमर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण असं लिहितो: १५०० आकडा घ्या, लूप फिरवा, 'स्लीप १' म्हणा, आकड्यातून एक वजा करा, मजकूर बदला. टर्मिनलमध्ये हे चालतं. खिडक्या आणि मेनू असलेल्या प्रोग्राममध्ये मात्र 'स्लीप'ने सगळं गोठतं. मेनू उघडत नाही, 'थांबवा' दाबता येत नाही. जीटीकेचा मेन लूप, म्हणजे काही घडण्याची वाट पाहत फिरणारा मुख्य लूप, एकाच थ्रेडवर (कामाच्या धाग्यावर) चालतो, आणि तुम्ही झोपलात की तोही झोपतो. मग कोणीतरी वेगळा थ्रेड वापरायला सांगतं आणि नव्या अडचणी उभ्या राहतात, कारण जीटीकेच्या वस्तूंना दुसऱ्या थ्रेडमधून हात लावायचा नसतो.

सरळ रस्ता असा: मेन लूपलाच सांगून ठेवायचं की ठरावीक वेळाने मला हाक मार. जीटीकेच्या खालच्या जीलिब या लायब्ररीच्या टाइमआउटला मिलिसेकंद आणि एक ब्लॉक द्यायचा. ब्लॉकने शेवटी 'ट्रू' परत केलं तर पुन्हा हाक येते, 'फॉल्स' दिलं तर तो टाइमआउट तिथेच संपतो. रुबीत ब्लॉकची शेवटची किंमतच परत जाते, त्यामुळे शेवटच्या ओळीत 'पुट्स' राहिलं तर ते 'निल' देतं आणि टायमर एकाच ठोक्यानंतर थांबतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे कोडं पडतं. म्हणून अजून वेळ उरली आहे का, याचं उत्तर मुद्दाम शेवटच्या ओळीत लिहायची सवय लावा.

पण हाक आली की एक वजा करायचा, हे तरीही चूकच. टाइमआउट 'निदान एवढ्या वेळानंतर' हाक मारतो, बरोबर त्या क्षणी मारेलच असं नाही. मशीनवर भार असेल तर उशीर होतो, आणि प्रत्येक ठोक्याचा थोडाथोडा उशीर साठत जातो. टायमरने मोजायचंच नसतं. त्याने वेळ कधी संपणार तेवढं लक्षात ठेवायचं आणि विचारलं की वजाबाकी करून सांगायचं. या पूर्ण प्रोग्रामचा गाभा हाच आहे. सुरू करताना 'आत्ता' अधिक १५०० सेकंद ही शेवटची वेळ ठेवा, आणि प्रत्येक हाकेला शेवटची वेळ वजा 'आत्ता' एवढंच करा. मधल्या चार हाका चुकल्या तरी पाचवीला उत्तर बरोबरच येतं.

आता हा 'आत्ता' कुठून आणायचा? टाइम डॉट नाऊ सगळ्यांना माहीत असतं, पण ते भिंतीवरचं घड्याळ आहे आणि ते मागेपुढे केलं जातं. आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू सोबत असतात. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, उबुंटू तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वाचतं. त्यामुळे विंडोजमधून उबुंटूत आल्यावर घड्याळ अनेकदा ५ तास ३० मिनिटं पुढे असतं, आणि वाय-फाय जोडलं की आपोआप मागे येतं. लॉगिन होताच तुम्ही २५ मिनिटांचा टायमर लावला आणि मग नेट जोडलं गेलं, तर पट्टीत पाच तास पंचावन्न मिनिटं दिसायला लागतील. हे आपल्या लॅपटॉपवर मुद्दाम करून बघण्यासारखं आहे.

यावर उपाय म्हणजे प्रोसेस मॉड्यूलची क्लॉक-गेटटाइम ही मेथड, जी रुबी २.१ पासून आहे. तिला मोनोटॉनिक घड्याळ मागितलं की कधीही मागे न जाणारा आकडा मिळतो. त्यात किती वाजले हे कळत नाही. दोन क्षणांमधलं अंतर कळतं, आणि आपल्याला तेच हवं आहे. मात्र लिनक्सवर लॅपटॉप सस्पेंड असताना हे मोनोटॉनिक घड्याळ थांबलेलं असतं. दहा मिनिटं उरली असताना झाकण मिटलं आणि अर्ध्या तासाने उघडलं, तर टायमर म्हणेल, दहा मिनिटं उरलीत. अभ्यासाची बैठक मोजत असाल तर ते योग्यच आहे, झाकण मिटलं म्हणजे अभ्यासही थांबला. पण कुकर मोजत असाल तर तो जळलेला असेल. त्यासाठी लिनक्सवर बूटटाइम नावाचं घड्याळ आहे. तेही मागे जात नाही, पण झोपेचा वेळ धरतं, आणि रुबीत त्याच मेथडला ते मागता येतं. माझ्या टायमरमध्ये मी बूटटाइम ठेवलंय. जाग आल्यावर वेळ उलटून गेलेली असेल तर सूचनेत 'वीस मिनिटांपूर्वी संपली' असं येतं. तुम्ही काहीही निवडा, पण ते विचार करून निवडा आणि का निवडलं ते कोडमध्ये एका ओळीत लिहून ठेवा.

हे सगळं पट्टी आणि मेनूपासून वेगळ्या, साध्या रुबी वर्गात लिहावं हा माझा आग्रह आहे. त्या वर्गाला जीटीकेचं नावही माहीत नसावं. 'आत्ता' सांगणारा लॅम्बडा (हवा तेव्हा चालवता येणारा कोडचा तुकडा) त्याला बाहेरून द्यायचा. मिनिटेस्ट या रुबीच्या चाचणी-लायब्ररीमध्ये तुम्ही खोटं घड्याळ देता, त्याचा आकडा १५०० ने पुढे करता आणि पंचवीस मिनिटांची चाचणी निमिषात होते. 'थांबवा' आणि 'पुन्हा सुरू' यांचीही गाठ इथेच सुटते: थांबवताना उरलेले सेकंद जपून ठेवायचे आणि शेवटची वेळ टाकून द्यायची, सुरू करताना नवी शेवटची वेळ काढायची. म्हणजे एका वेळी दोन्हींपैकी एकच गोष्ट खरी असते आणि त्यांचा आपसात मेळ घालत बसावं लागत नाही.

आकडे दाखवताना अपूर्णांक वरच्या पूर्णांकात न्या, म्हणजे सील वापरा. खाली ओढलात तर सुरू करताक्षणी २४:५९ दिसतं आणि शेवटचा एक सेकंद ००:०० नुसतं लटकून राहतं. डिव्हमॉड ६० ने मिनिटं-सेकंद एकदम मिळतात. हाक सेकंदाला एकदाच ठेवली तर थोड्याशा उशिराने एखादा आकडा गाळला जातो आणि डोळ्याला ते लगेच खटकतं. मी २०० मिलिसेकंदांनी हाक घेते आणि मजकूर खरंच बदलला असेल तरच पट्टीला कळवते, नाहीतर डी-बसवर उगाच निरोप जात राहतात.

मजकूर ठरवणाऱ्या मेथडला दुसरा मजकूरही द्यावा लागतो, त्याला गाइड म्हणतात. जास्तीत जास्त किती रुंद मजकूर येईल ते त्यावरून पट्टीला कळावं, हा हेतू. तिथे ००:०० द्या, म्हणजे दर सेकंदाला शेजारची चिन्हं हलायला नकोत. आकडे मराठीत हवे असतील तर स्ट्रिंगच्या टीआर मेथडला इंग्रजी शून्य-ते-नऊ आणि देवनागरी शून्य-ते-नऊ अशा दोन पट्ट्या दिल्या की एका ओळीत काम होतं. पट्टीत मराठी आकडे सरकताना बघून मला अजूनही छान वाटतं.

वेळ संपल्यावर नोटिफाय-सेंड आणि आवाजासाठी पीएप्ले अशा बाहेरच्या आज्ञा पुरतात. त्या 'सिस्टिम'ने चालवू नका, आवाज संपेपर्यंत मेनू अडकून राहतो. 'स्पॉन' करा आणि लगेच प्रोसेस डिटॅच करा, म्हणजे झॉम्बी (संपूनही यादीत उरलेल्या) प्रोसेस मागे राहत नाहीत. आज्ञा आणि तिचे शब्द वेगवेगळ्या आर्ग्युमेंटमध्ये द्या. टायमरला वापरणाऱ्याने दिलेलं नाव एकाच स्ट्रिंगमध्ये चिकटवून शेलकडे पाठवलं, तर त्या नावातली अवतरणचिन्हं घोटाळा करतात.

नोकरीच्या मुलाखती घ्यायला बसते तेव्हा असं छोटं, पण स्वतः वापरात असलेलं काम कोणी दाखवलं की मला मनापासून आनंद होतो. मी त्यावर दोनच प्रश्न विचारते: मध्येच झाकण मिटलं तर काय होईल, आणि याची चाचणी पंचवीस मिनिटं न थांबता कशी करता? ज्याने हे काम स्वतःच्या हाताने केलंय तो यावर अर्धा तास बोलू शकतो, आणि मुलाखत तिथेच रंगते. रिझ्युमेमध्ये दहा तंत्रज्ञानांची नावं लिहिण्यापेक्षा या एका प्रोग्रामबद्दल असं बोलता येणं मला जास्त मोलाचं वाटतं.

राहता राहिलं लॉगिन होताच तो सुरू होणं. घरच्या फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिगच्या ऑटोस्टार्टमध्ये एक डेस्कटॉप फाइल ठेवायची. तिथल्या एक्झेक ओळीत नुसतं 'रुबी' लिहून भागेलच असं नाही. आरबीएन्व्हची वाट (पाथ) बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, घातलेली असते आणि डेस्कटॉप ती फाइल वाचत नाही. मग ॲप्टचं रुबी असेल तर ते चालतं, नसेल तर काहीच होत नाही, आणि पडद्यावर कुठेच चूक उमटत नाही. जे रुबी हवं त्याचा पूर्ण पत्ता लिहा, फाइलचाही पूर्ण पत्ता लिहा, आणि लॉगआउट करून परत या. तरीही पट्टीत चिन्ह आलं नाही तर जर्नल-सीटीएलला (सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) यूझरचा पर्याय देऊन शेवटच्या ओळी वाचा, कारण बहुतेक वेळा तिथे सरळ लिहिलेलं असतं.